बावीस वर्षांचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हलवलं, त्याची हकिकत

१ एप्रिल २०२६ ला कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानात मी नव्याने बांधलेलं सॉफ्टवेअर सुरू झालं. त्याआधीचे सहा महिने मी आणि माझ्याकडे काम शिकणारा एक मुलगा, असे दोघं एआयचं कोडिंग साधन हाताशी घेऊन एक जुना डोलारा हलवत होतो. आपल्याकडे माझ्यासारखे बरेचजण आहेत. एक-दोन खोल्यांचं ऑफिस, दहा-पंधरा गिऱ्हाइकं, कधीकाळी लिहिलेला प्रोग्राम आणि त्याला हात लावायची धास्ती. मला सुरुवातीला नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. व्हिडिओवाले दहा मिनिटांत ॲप उभं करून दाखवतात, पण त्यात तोलाई (वजन करण्याचा आकार) नसते, उचल (शेतकऱ्याने आगाऊ घेतलेले पैसे) नसते, जुन्या फॉन्टातलं मराठी नसतं. गेल्या आठवड्यात दुकानातून फोन यायचे थांबले, म्हणून आता सवडीने लिहायला बसले आहे.

आधी जुनं काय होतं ते सांगते. २००३-०४ साली राजारामपुरीत एका जिन्याखालच्या खोलीत मी हा प्रोग्राम लिहिला. व्हिज्युअल बेसिक सिक्स आणि खाली ॲक्सेसचा डेटाबेस. व्हीबी-सिक्स १९९८ चं. ते लिहायच्या साधनाचा अधिकृत आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच बंद केला, पण बनवलेले प्रोग्राम विंडोजवर अजून चालतात आणि तिथेच सगळी मेख आहे. चालतंय ना, मग कशाला हलवायचं? गिऱ्हाईक हलवत नाही, आपणही हलवत नाही. बदल करायचा झाला की मी लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जुनं विंडोज एक्सपी उघडायचे. घरचे त्याला ‘आईचं तळघर’ म्हणतात.

तळघरातून बाहेर पडायला निमित्त झालं जीएसटीचं. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढायचं ठरवलं. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून. गुळाचा दर बदलला नव्हता, पण माझी बाकीची गिऱ्हाइकं होती. सिमेंटवाल्याचं २८ चं १८ करायचं, इतर काहींचं १२ चं ५. एकूण नऊ दुकानं आणि हातात एकोणीस दिवस. दर एका टेबलात असते तर हे दहा मिनिटांचं काम. पण २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा घाईगर्दीत मी दर जिथे लागेल तिथे थेट लिहून ठेवला होता. आकडे शोधता शोधता डोळे दुखायला लागले. तिसऱ्या रात्री माझ्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, प्रोग्रामचा एक भाग एआयला देऊन बघू का?” मी नको म्हणत होते. त्याने दिलं. दोन मिनिटांत यादी आली: ३१ ठिकाणं. माझ्या वहीत २९ होती. सुटलेल्या दोन ठिकाणांपैकी एक परतीच्या मालाच्या बिलात होतं. ते राहिलं असतं तर दिवाळीनंतर सिमेंटवाल्याच्या सीएने मला उभं केलं असतं.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी लेथपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा असतात. आम्हीही कीबोर्डला हळदकुंकू लावतो. मुलाने मोबाइलवर त्या साधनाचं चिन्ह उघडून मोबाइल पूजेत ठेवला. मला हसू आलं, पण काढायला सांगितलं नाही.

साधनाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चार महिन्यांनी दुसरंच कुठलं तरी बरं असेल. प्रकार मात्र सांगते. २०२२ मध्ये गिटहबचं कोपायलट सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा ते पुढची ओळ सुचवायचं, आपण टॅब दाबायचा. मी तेव्हा आठवडाभर वापरून सोडलं होतं, व्हीबी-सिक्ससाठी त्याचा फार उपयोग झाला नाही. २०२५ मधली साधनं वेगळी. ती आपल्या फोल्डरात शिरून फाइली वाचतात, बदलतात, प्रोग्राम चालवून बघतात आणि चूक आली की स्वतःच पुन्हा खटपट करतात. त्यांना एजंट म्हणतात.

पैसे भरण्यातच माझे तीन दिवस गेले, म्हणून ते नीट लिहिते. ४ ऑक्टोबरला कार्ड तीनदा नाकारलं गेलं. कारण साधं होतं: आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. तिथेच मर्यादाही घालता येते, ती घालाच. नंतर बिलाच्या पानावर जीएसटी नंबर विचारतात. नंबर दिला तर ते कर लावत नाहीत, पण मग रिव्हर्स चार्जखाली तो आपल्याला भरावा लागतो आणि त्याचं क्रेडिट घ्यावं लागतं. सीएला आधी विचारा, मी नंतर विचारलं आणि बोलणी खाल्ली. महिन्याला २० डॉलर, बँकेचे चार्जेस धरून साधारण १,८५० रुपये. डिसेंबर-जानेवारीत काम अंगावर आलं तेव्हा दोन महिने १०० डॉलरची योजना घेतली, प्रत्येकी साधारण ९,३००. सहा महिन्यांचे झाले २६,००० रुपये. छोट्या योजनेत काही तास सलग काम केलं की ‘मर्यादा संपली, अमुक वाजता या’ असं येतं. मी ती वेळ जेवणाला जोडून घेतली होती.

२२ ऑक्टोबरला दिवाळी पाडवा. त्या दिवशी यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. पेढा देता देता शेठ म्हणाले, “मॅडम, पुढच्या साली मला हे मोबाइलवर पाहिजे. नायतर पोरगा पुण्यातनं दुसरं आणतोय.” मी दोन लाख सांगितले. शेठनी लगेच, “आता ते एआय करतंय म्हणं सगळं. मग दोन लाख कशाला?” हा प्रश्न तुम्हालाही येणार, उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे नव्हतं. कोपऱ्यात शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहीत बसलेल्या दिवाणजींनी, म्हणजे दुकानाच्या हिशोबनिसांनी, मान वर न करता सांगितलं, “शेठ, चरकाला बैल हुतं तवाबी गुळव्याला पैसं दिलं, इंजान आलं तवाबी दिलं. पाक कवा उतरायचा ते इंजान सांगतंय व्हय?” एक लाख साठ हजारांवर ठरलं. गुळव्याची, म्हणजे रस उकळून गूळ करणाऱ्या कारागिराची, उपमा मला तेव्हा फार आवडली. घरी जाताना मात्र एक गोष्ट टोचत राहिली. गुळव्याला अजून मान आहे, पण गुळव्याचं पोरगं हल्ली गुळव्या होत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाचं काय होणार, हा विचार तिथून सुरू झाला.

करार पाचशेच्या स्टॅम्पवर केला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेचे चालत नाहीत. तीन हप्ते, सहा महिन्यांची मुदत आणि एक कलम मी स्वतःहून घातलं: शेतकऱ्यांची नावं, खाते क्रमांक, मोबाइल नंबर बाहेरच्या कुठल्याही साधनाला दिले जाणार नाहीत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नंतर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले. पण कायदा नसता तरी शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक मी कुठल्या खिडकीत चिकटवला नसता. आम्ही चारशे खोट्या शेतकऱ्यांचा डेटा बनवला आणि साधनाला तेवढाच दाखवला. यात चार दिवस गेले. ते चुकवू नका.

नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे आम्ही नवीन एक ओळही लिहिली नाही. साधनाला सांगितलं: काही बदलू नकोस, फक्त वाच आणि प्रत्येक फॉर्म, म्हणजे प्रोग्राममधला एकेक पडदा, काय करतो ते मराठीत लिही. हो, मराठीत सांगितलेलं कळतं, आणि उत्तरही बऱ्यापैकी मराठीत येतं, जरा सरकारी परिपत्रकासारखं. ६१ फॉर्म, ३८,००० च्या आसपास ओळी. मला एकटीला हे वाचायला दोन महिने लागले असते, खरं सांगायचं तर मी ते कधी वाचलंच नसतं. हे मला सर्वात जास्त उपयोगी पडलं, कोड लिहून घेण्यापेक्षाही. तुमच्याकडे पैसे एकाच महिन्यापुरते असतील तर तो महिना वाचून घेण्यात घाला.

त्या अहवालात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: ‘या अटीचं कारण कोडमधून स्पष्ट होत नाही.’ तशा २७ जागा निघाल्या. काहींच्या शेजारी मी २००६ मध्ये लिहिलेली टीप होती: ‘दिवाणजी म्हणाले’. काय म्हणाले, ते लिहिलेलं नव्हतं.

मग मी २७ प्रश्नांची वही घेऊन गादीवर जाऊन बसले. दिवाणजी आता सत्तरीला आलेत. सकाळी सौदे आटोपेपर्यंत ते बोलत नाहीत, म्हणून अकरानंतर जायचं, सोबत चहा सांगायचा आणि एका दिवसात पाचाच्या वर प्रश्न विचारायचे नाहीत. सहा फेऱ्या झाल्या. माझ्या बावीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाकडे इतकी सलग कधी बसले नव्हते. पूर्वी टायपिंगलाच वेळ पुरायचा नाही.

एक उदाहरण देते. कोडमध्ये एके ठिकाणी वजन २५ च्या वर असेल तर कर शून्य, असं होतं. साधनाने नवा कोड लिहिताना ही अट ‘अनावश्यक’ म्हणून काढली आणि सगळ्या गुळाला ५ टक्के लावून टाकले. दिसायला कोड सुबक झाला. पण १८ जुलै २०२२ पासून कर आहे तो वेष्टनबंद, लेबल लावलेल्या गुळाला, आणि २५ किलोच्या वरचं पॅकिंग त्यात येत नाही. एक किलोच्या छापील खोक्याला कर आहे, तीस किलोच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, नाही. ही ओळ मीच घातली होती, पण तिचं कारण शेजारी लिहायला विसरले होते. दिवाणजी म्हणाले, “आगं पोरी, रव्यावर कर लावलास तर उद्या यार्डात मला हुबं करत्याल.” त्या दिवसापासून आम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरात नियमांची एक फाइल ठेवली. साधन दर वेळी सुरुवातीला ती वाचतं. पहिली ओळ: ‘विचित्र दिसणारी अट काढू नकोस, विचार.’ ती बऱ्याच वेळा पाळली गेली. प्रत्येक वेळी नाही.

नावांचं प्रकरण याहून अवघड निघालं. एकाच गावचे, एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले चार-चार पाटील करवीर तालुक्यात सहज सापडतात. जुन्या प्रोग्राममध्ये त्यांचे खाते क्रमांक वेगळे, आणि दिवाणजींच्या डोक्यात ते ‘माळावरचा’, ‘खालच्या आळीचा’, ‘मिशीवाला’ असे. आमच्या खोट्या डेटातही आम्ही तशी जुळी नावं घातली होती, हे नशीब. डेटा साफ करायला सांगितल्यावर साधनाने ती एकत्र केली आणि वर कौतुकाने कळवलं की ३८ ‘दुप्पट नोंदी’ हटवल्या. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर. खऱ्या डेटावर हे झालं असतं तर यार्डात माझं तोंड दाखवायची सोय राहिली नसती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आता ‘ओळख’ नावाचा एक रकाना आहे आणि त्यात ‘मिशीवाला’ असं खरोखर लिहिलेलं आहे.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, जाणं हा आपल्याकडच्या प्रत्येकाला येणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या फॉन्टात अक्षर म्हणजे नुसतं चित्र. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी टाईप केलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं उलटं: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. हे साधनाने एका दुपारी जमवलं, शिरोली-शिंगणापूर नीट आलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी छापील नमुना दिवाणजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. “हे काय ल्हिलंय? गुर्हाळ?” गुळाच्या धंद्यातलं सॉफ्टवेअर आणि गुऱ्हाळ हाच शब्द चुकीचा! ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतला र रफार होत नाही, त्याला युनिकोडमध्ये वेगळा र आहे, आणि साधनाने सरसकट साधा र घेतला होता. दऱ्याचे वडगाव, मळ्यातल्या दऱ्या, सगळं बिघडलेलं. वर काही ठिकाणी ‘ळ’ चा ‘ल’ करून ठेवला होता, माळीचा माली. हे मात्र फॉन्टामुळे झालं नव्हतं. साधनाला तो शब्द ‘दुरुस्त’ करावासा वाटला होता. शेवटी सगळ्या गावांची आणि खातेदारांची यादी छापून दिवाणजी आणि मी दोन रविवार लाल पेनाने तपासली. यंत्राने वाचवलेले दोन आठवडे वजा आमचे दोन रविवार, असा हिशोब धरा.

आता डिसेंबर. तो महिना सगळ्यात वाईट गेला.

तीन वर्षांचे जुने व्यवहार माझ्याच मशीनवर, साधनाला न दाखवता, नव्या प्रोग्राममधून फिरवले आणि बेरजा ताडून बघितल्या. ४१७ रुपयांचा फरक. कोटींच्या उलाढालीत ४१७ म्हणजे काहीच नाही, पण हिशोबात फरक हा फरकच. मी मुलाला शोधायला सांगून घरी गेले. सकाळी तो आनंदाने म्हणाला, “मॅडम, मिटलं. टेस्ट सगळ्या पास झाल्यात.”

“काय होतं?”

“त्येनंच शोधलं. मी बगितलं न्हाई नीट.”

“आणि टेस्ट कुणी लिहिल्या?”

थोडा वेळ गप्प. “त्येनंच.”

बदललेल्या ओळी उघडून बघितल्या. साधनाने डेटा हलवण्याच्या शेवटी एक ओळ घातली होती: फरक जेवढा येईल तेवढा कसर-वटाव खात्यात (किरकोळ फरक टाकायच्या खात्यात) टाका. अर्थात बेरीज जुळणारच. परीक्षेत उत्तर मागच्या पानावरून बघून लिहावं तसं. मी दोनदा ती ओळ काढून पुन्हा कारण शोधायला सांगितलं. दोन्ही वेळा मोठ्या आत्मविश्वासाने वेगवेगळं कारण आलं आणि दोन्ही चूक निघाली.

खरं कारण सापडायला मला नऊ दिवस लागले आणि ते तळघरातच होतं. व्हीबी-सिक्समधलं राऊंड, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात आणणारी आज्ञा, अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं: अडीचचे दोन, साडेतीनचे चार. त्याच व्हीबीमधलं फॉरमॅट, म्हणजे आकडा छापण्यासाठी मांडणारी आज्ञा, मात्र अडीचचे तीन करतं. मी शेतकऱ्याची पट्टी छापताना फॉरमॅट वापरलं होतं आणि खात्यात रक्कम टाकताना राऊंड. हमालीत पन्नास पैसे आले की कधी कधी खात्यापेक्षा पट्टीवर एक रुपया जास्त. नव्या प्रोग्राममध्ये दोन्हीकडे अर्ध्याचा वरचा रुपया होत होता, म्हणून बेरीज जुन्याशी जुळत नव्हती. हे दिवाणजींना सांगताना माझा आवाज पडला होता. ते म्हणाले, “म्हाईत हाय की. दर म्हैन्याला कसर खात्यात टाकून मोकळा हुतोय मी. २००४ पासनं.”

“मला सांगितलं का नाही?”

“तुला वाटलं आसंल तसं केलंईस, म्या कशाला बोलू?”

बावीस वर्षं माझी चूक एक माणूस हाताने निस्तरत होता. आम्ही ठरवलं ते असं: १ एप्रिलपासून छापील पट्टीप्रमाणे खातं, जुनी वर्षं आहेत तशी. जुन्या वर्षांना हात लावायचा नाही.

या काळात मी एका वहीत वेळ लिहीत होते, काम सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. महिनाअखेरीला बघितलं तर स्क्रीन आणि रिपोर्ट बनवण्याचं काम माझ्या अंदाजापेक्षा खूपच लवकर झालं होतं. हिशोबाच्या गाभ्याचं मात्र मी एकटीने केलं असतं तर लवकर झालं असतं, तरी मला त्या दिवसांत सतत वाटत होतं की आपण धावतोय. नंतर वाचलं की २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना स्वतःच्याच जुन्या प्रकल्पांतली २४६ कामं देऊन हे मोजलं होतं. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. माझी वही तेच सांगत होती. १६ माणसांवरून सगळ्या जगाचं ठरवू नये, पण वही ठेवा. वाटण्यावर जाऊ नका.

मुलाबद्दल लिहायचं राहिलं. तो एमसीए झालेला, कागल तालुक्यातला, महिना १२,००० वर माझ्याकडे आला. त्याचे दोन मित्र हिंजवडीत मुलाखती देऊन परत आले होते, त्यामुळे तो आधीच धास्तावलेला. ४१७ च्या प्रकारानंतर मी त्याच्यावर चिडले. घरी आल्यावर वाटलं, मी त्याच्या वयात चुका करत करतच शिकले, त्याच्या वाट्याच्या चुका तर साधन करतंय. आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला: कोड वाचायचाच नाही, चाललं की पुढे जायचं. घरच्या गमतीला ठीक आहे. दुसऱ्याच्या उचलीचा हिशोब असा करता येत नाही. जानेवारीपासून आम्ही दोन नियम केले. मंगळवार आणि शुक्रवार साधन बंद. आणि कुठलाही बदल पक्का करण्याआधी त्याने तो मला मराठीत, स्क्रीन न बघता समजावून सांगायचा. पहिले दोन आठवडे तो घामाघूम व्हायचा. फेब्रुवारीत एकदा सांगता सांगता मधेच थांबला आणि म्हणाला, “थांबा मॅडम, हे चुकलंय.” त्या दिवशी आम्ही मिसळ खायला गेलो. मंगळवार-शुक्रवारमुळे काम दोन आठवडे लांबलं, त्याचे पैसे मी शेठकडे मागितले नाहीत.

ई-इनव्हॉइसबद्दल, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाबद्दल, थोडक्यात. पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ती लागते, आणि खोक्यांच्या व्यापारामुळे शेठ त्यात येतात. चाचणीसाठीचे लॉगिन मिळायला मध्यस्थ कंपनीकडून अकरा दिवस लागले, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी करा, मी केला नव्हता. साधनाने जोडणीचा कोड तासाभरात लिहिला, पण त्यात एक रकाना असा होता जो सरकारी नमुन्यात अस्तित्वातच नाही. नाव इतकं पटण्यासारखं होतं की मीही फसले. अधिकृत नमुना उतरवून फोल्डरात ठेवला आणि ‘आठवून लिहू नकोस, यातूनच लिही’ असं नियमांच्या फाइलीत घातल्यावर सरळ झालं. २ फेब्रुवारीला पहिला ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक, आला तेव्हा मुलाने त्याचा फोटो काढला.

फेब्रुवारी आणि मार्च जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवलं. दिवाणजींना दुप्पट काम पडलं, त्यांनी दुप्पट चहा घेतला. १९ मार्चला गुढीपाडव्याला सुरू करू, असा शेठचा आग्रह होता. मी आर्थिक वर्षावर अडून बसले, मधल्या तारखेला सुरू केलं की शिल्लक हलवताना घोळ होतो. १ एप्रिलला सकाळी सातलाच गेले. त्याच आठवड्यात जोतिबाची चैत्र यात्रा, निम्मे हमाल डोंगरावर, आवक कमी. हे मी ठरवलेलं नव्हतं, पण पहिल्या दिवसाला बरं पडलं. पहिली पट्टी डॉट मॅट्रिक्सवर छापली आणि सगळा मजकूर अर्धा इंच खाली. सहा महिने एआयशी झटून झाल्यावर मी प्रिंटरच्या मागे वाकून कागदाचा खटका हलवत होते. चौथी पट्टी नीट आली. ती घ्यायला आलेल्या शेतकऱ्याने आकडा बघितला, घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला.

शेवटचा हप्ता ११ तारखेला जमा झाला. शेठनी विचारलं, जुना पीसी भंगारात घालू का, जागा अडलीय. मी नको म्हटलं. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि नव्यात सगळं आलंय असं मी छातीठोक सांगू शकते, तरी तो मशीन महिन्यातून एकदा चालू करून बघा म्हटलं. काल सहज गेले होते. दिवाणजींनी त्याच्यावर पंचा टाकलाय, पंच्यावर पट्ट्यांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यावर कसर-वटावची जुनी वही. एप्रिलचं पान त्यांनी आखून ठेवलंय. अजून कोरं आहे.